दोन वाद्ये आणि ध्वनिमुद्रिकेची वर्णव्यवस्था

१९४२ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल येथे दोन कृष्णवर्णीय वादकांचे वादन ध्वनिमुद्रित झाले. फ्रँक पॅटरसन फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवीत होते आणि नेथन फ्रेझिअर बँजो. मुद्रण करणारे जॉन वर्क हेही कृष्णवर्णीयच. फिस्क विद्यापीठातील संगीताचे प्राध्यापक. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी १८६६ साली सुरू झालेली ही संस्था. डु बॉइस येथूनच १८८८ साली पदवीधर झाले. ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते, तेच हे डु बॉइस. पॅटरसन-फ्रेझिअर यांचे वादन वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात गेले. त्या ग्रंथालयातील कृष्णवर्णीय तंतुवाद्य-वादनाची स्वतंत्र तबकडी निघाली ती १९८९ साली. मधली ४७ वर्षे हे संगीत संशोधकांपुरतेच उरले होते. ज्या देशात १९२० नंतर तबकड्यांचा प्रचंड धंदा झाला, त्या देशात फिडल आणि बँजो वाजवणारी काळी जोडी बाजारात का दिसत नाही, हा प्रश्न संगीतशास्त्राचा नाही, समाजव्यवस्थेचा आहे.

प्रथम वाद्यांविषयी. आपल्याकडे वरातीत वाजतो तो कळा दाबून वाजवायचा बँजो निराळा; नाव तेवढे एक. अमेरिकेतील बँजो म्हणजे मूळचा भोपळ्यावर कातडे ताणून, दांडा बसवून, तारा लावलेले वाद्य. पश्चिम आफ्रिकेतील अशा वाद्यांची स्मृती गुलामांनी सोबत नेली आणि कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेत ते वाद्य पुन्हा घडवले. हॅन्स स्लोन यांनी जमैकात पाहिलेल्या अशा वाद्यांचे चित्र १७०७ साली छापले आहे. हे वाद्य काळ्यांनी आफ्रिकेतून आणले, असे थॉमस जेफरसन यांनीही लिहून ठेवले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे हे गृहस्थ स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते, हे जाता जाता नोंदवले पाहिजे.

फिडल मात्र मालकांचे, युरोपातले. मालकांच्या नृत्यासाठी ते गुलामांना वाजवावे लागे. पळालेल्या गुलामाच्या जाहिरातीत ‘फिडल चांगले वाजवतो’ ही ओळखीची खूण म्हणून छापली जाई. सॉलोमन नॉर्थप हे न्यूयॉर्क राज्यातील स्वतंत्र कृष्णवर्णीय वादक. फिडल वाजवण्याचे काम देतो, असे सांगूनच त्यांना १८४१ साली फसवून नेले आणि विकले. लुइझियानाच्या मळ्यांवर ते बारा वर्षे राबले. ज्या कलेने त्यांना पकडून दिले, तिचाच आधार त्यांना त्या काळात होता. १८५३ सालच्या त्यांच्या आत्मकथनात हे दोन्ही आहे.

म्हणजे एक वाद्य आपले, दुसरे लादलेले. या दोहोंतून जी जोडी तयार झाली, तिच्यात मुख्य आणि साथीदार असा भेद फारसा नाही. फिडल तुटक, छोट्या गजाने चाल ओढते. बँजोवाला नखाने तारेवर वरून खाली आघात करतो आणि अंगठ्याने आखूड पाचवी तार मध्येमध्ये छेडतो. त्यातून चालही निघते आणि तालही. मधूनच एखादी ओळ आरोळीसारखी गायली जाते. चीज लहान, बहुधा दोनच भागांची. पण नाचणारे थकेपर्यंत ती फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत काहीतरी सरकते. तीन मिनिटांच्या तबकडीत ती बसवायची म्हणजे तिचा श्वासच कापायचा. पण तो अन्याय गोऱ्या वादकांवरही झाला. काळ्यांवरचा वेगळा होता.

१८४३ साली न्यूयॉर्कमध्ये चार गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून एक मंडळी काढली: व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स. त्यांची वाद्ये फिडल, बँजो, खंजिरी आणि हाडांच्या चिपळ्या. गुलाम कसा मूर्ख, कसा आळशी, कसा आनंदी, हे दाखवण्याचा हा तमाशा अमेरिकेत कमालीचा लोकप्रिय झाला. बँजो घराघरांत गेला तो या विटंबनेवर बसून. पुढे तो कारखान्यात बनू लागला आणि गोऱ्यांच्या दिवाणखान्यातही शिरला.

मग ध्वनिमुद्रिका आली. १९२० साली मॅमी स्मिथ यांची ब्लूजची तबकडी अफाट खपली, तेव्हा काळ्यांच्याही खिशात पैसे असतात हे कंपन्यांना कळले. ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने स्वतंत्र यादी निघाली. १९२३ पासून दक्षिणेतील ग्रामीण गोऱ्यांचे संगीत वेगळ्या नावाखाली विकले जाऊ लागले. कोलंबिया कंपनीत काळ्यांच्या तबकड्यांचे क्रमांक १४००० पासून, या गोऱ्यांचे १५००० पासून. क्रमांकावरूनच वर्ण कळे! काळ्याने ब्लूज गायचा, फिडल-बँजो ही गोऱ्यांची ‘जुनी ओळखीची’ चीज, असे बाजाराने ठरवले. बर्नेट आणि रदरफर्ड या केंटकीच्या गोऱ्या जोडीचे बँजो-फिडल कोलंबियाने १९२६ साली मुद्रित केले. बर्नेट अंध आणि गरीब होते. त्यांच्याशी आपले भांडण नाही. पण तशाच काळ्या जोडीला यादीत घरच नव्हते. जॉर्जियाच्या अँड्र्यू बॅक्स्टर यांनी १९२७ साली एका गोऱ्या वाद्यवृंदाबरोबर एक चीज मुद्रित केली, आपल्या गिटारवादक मुलाबरोबर इतर तबकड्याही काढल्या. वाजवताना हात एकत्र येत होते. वाटणी विक्रीच्या कागदावर होत होती. आणि पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी तो कागदच इतिहास मानला.

कृष्णवर्णीयांनी स्वतःही बँजो सोडला, हे लपवण्याचे कारण नाही. चर्चने फिडलला सैतानाचे वाद्य म्हटले. शहरात स्थलांतर झाले, गिटार स्वस्त झाली. आणि बँजो हातात घेतला की तोंड काळे केलेला तो गोरा विदूषक डोळ्यांसमोर उभा राहणारच. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तेव्हापासून आपण या दोन वेदना शेजारी ठेवून पाहतो. १९७२ साली पँथर हे नावही तिकडूनच घेतले. सनई आणि हलगी वाजवणाऱ्याने देवळाबाहेर उभे राहायचे, लग्नात सर्वांत शेवटी जेवायचे. गावकीची कामे नाकारली तेव्हा अनेकांनी वाजवण्याचे कामही नाकारले. ‘लोककला बुडाली’ म्हणून गळा काढणारे प्राध्यापक मला भेटतात. माझे मत स्पष्ट आहे: तो नकार योग्य होता. नुकसान झाले असेल तर त्याचा हिशेब वाद्याला अपमान चिकटवणाऱ्यांकडे मागावा, वाद्य खाली ठेवणाऱ्यांकडे नव्हे. पण माणूस स्वतःच्या मर्जीने ते पुन्हा उचलतो, ही गोष्ट निराळी.

नॉर्थ कॅरोलायनातील ओडेल आणि जो थॉम्पसन हे चुलतभाऊ. दोघांचे वडील वादक. दोघांनी वाद्ये बरीच वर्षे बाजूला ठेवली होती. ओडेल गिटारवर ब्लूज वाजवीत, जो फर्निचरच्या कारखान्यात कामाला. १९७० नंतर अभ्यासक दारी आले आणि ओडेल यांचा बँजो व जो यांचे फिडल पुन्हा बोलू लागले. ओडेल १९९४ साली वारले. २००५ साली त्याच राज्यात कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. त्या सुमारास तीन तरुण वादक ऐंशी ओलांडलेल्या जो यांच्या घरी शिकायला जाऊ लागले. पुस्तकातून नाही, समोर बसून, त्यांच्या गजाकडे पाहत. जो २०१२ साली वारले.

त्या तिघांपैकी रिअॅनन गिडन्स (बँजो) आणि जस्टिन रॉबिन्सन (फिडल) यांनी २०२५ साली अठरा चिजांची ध्वनिमुद्रिका काढली. मुख्य वाद्ये हीच दोन. मुद्रण बंद खोलीत न करता उघड्यावर केले: काही जो यांच्या घरी, काही एका जुन्या मळेवाल्याच्या वाड्यापाशी, जेथे पूर्वी गुलाम राबत होते. झाडांवरच्या किड्यांची किरकिर आणि पाखरांचे आवाज त्यांनी पुसून टाकलेले नाहीत. ते वाद्यांच्या मागे सतत ऐकू येतात.