‘मिसिंग’ आणि मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम

१. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात, तेव्हा एखाद्या सिलिंडरमधील मिश्रण नीट पेटत नाही, असे अभिप्रेत असते. प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात दोषी सिलिंडर ओळखण्याची जुनी रीत म्हणजे आयडलवर प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहणे. जी काढल्यावर आवाजात फरकच पडत नाही, तिचा सिलिंडर आधीच निकामी असतो. मिसिंग आयडलवरच जाणवत असेल आणि रेस देताच ओसरत असेल, तर मात्र प्लग बदलत बसण्याआधी कार्बोरेटरखालचे पॅकिंग तपासणे शहाणपणाचे. कारण थ्रॉटल मिटलेला असताना इनटेक मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी असलेला दाब, बराच तीव्र असतो आणि फटीतून ओढली जाणारी आगंतुक हवा मिश्रण पातळ करते. अशा वेळी व्हॅक्यूम गेजचा काटा बहुधा खाली, पण स्थिर राहतो. एखादा व्हॉल्व्ह गळत असेल तर काटा ठरावीक अंतराने झटके देतो. निरोगी इंजिनाचे समुद्रसपाटीवरील माप साधारणतः पाऱ्याचे १७ ते २१ इंच असते आणि दर १,००० फूट उंचीमागे ते सुमारे १ इंचाने घटते. म्हणून मुंबईत १९ इंच दाखवणारी गाडी पुण्यात १७ दाखवू लागली, तर ती गळती नव्हे.