केडगावचे नित्यवाचन

श्रोतेहो, आपले निमोणे शिरूर तालुक्यातले. दक्षिणेस भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि त्यात पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव आहे. तेथील मुक्ति मिशन निराधार स्त्रियांचा आश्रय म्हणून आपणांस ठाऊक असते. परंतु त्या संस्थेचा दिवस ज्या शास्त्रवाचनाने व प्रार्थनेने सुरू होई, त्याचाही एक इतिहास आहे, आणि तो पुण्याच्या एका उघड्या दारापासून सांगावा लागतो.

पंडिता रमाबाईंना ग्रंथवाचन नवे नव्हते. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत, आणि भागवताचे हजारो श्लोक बाईंना लहानपणीच मुखोद्गत झाले होते. ऐकणाऱ्याला पुण्य व सांगणाऱ्याला दक्षिणा, असा तो व्यवहार होता. श्रोत्याला अर्थ कळलाच पाहिजे, अशी त्यात अट नव्हती. पुढे दुष्काळात आईवडील गेले, मागोमाग बहीण गेली. हे आठवणीत ठेवावे. उत्तरायुष्यात अर्थ कळण्याविषयी बाईंनी जो हट्ट धरला त्याचे मूळ येथे असावे, असे मला वाटते.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. शाळेत धर्मोपदेश करावयाचा नाही, असे ठरले होते. मात्र कन्या मनोरमेसह त्या रोज आपल्या खोलीत बायबल वाचून प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. झाले! केसरीने टीकेची झोड उठविली, 1893 साली रानडे-भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या.

दोष कोणाचा? विश्वासाने मुली धाडणाऱ्या पालकांची भीती खोटी नव्हती, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. पण स्वतःच्या खोलीत बाईंनी आपली प्रार्थना चोरून करावी, हे मागणे तरी कोणत्या न्यायाचे? रानड्यांसारख्या माणसालाही हा पेच सुटला नाही.

बाईंच्या मनाचे म्हणाल, तर बाप्तिस्म्याने सारे साधले असे त्या मानीत नव्हत्या. धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशा अर्थाची कबुली त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यांची श्रद्धा वाढली ती वर्षानुवर्षांच्या वाचनाने.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींमुळे केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. येथे दार लावण्याचा प्रश्नच उरला नाही. जानेवारी 1905 मध्ये रोज एकत्र प्रार्थना करण्यास सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्यानंतर तेथे जी धार्मिक जागृती झाली, रडणे, पापांची कबुली, तासन्‌तास प्रार्थना, तिची वर्णने परदेशांतही पोहोचली. तिचे मोल ज्याने त्याने ठरवावे. मला त्याहून मोठे वाटते ते तेथले दुसरे काम, ज्यात गाजावाजा मुळीच नव्हता.

मराठी बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरचा नवा करार 1811 चा, मुंबईच्या अमेरिकन मिशनचा 1826 चा. पण रोज वाचावयाचे ते दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बायकांनी! त्या भाषांतरांतले संस्कृत शब्द त्यांना अडत. शिवाय त्या शब्दांबरोबर वेदान्ताचा अर्थही आत शिरतो, असा बाईंचा आक्षेप होता. म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल साध्या मराठीत उतरविण्यास बसल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तीच आता संस्कृत शब्द वेचून बाहेर काढीत होती! भाषांतराला इतर मंडळ्यांत फारसा प्रसार मिळाला नाही, आणि शब्दशः राहण्याच्या आग्रहाने त्यातली मराठी जागोजागी अवघडली, हेही खरे. हे भाषांतर साहित्यिकांसाठी नव्हतेच, हे मात्र विसरता कामा नये.

छापखाना केडगावातच होता. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छापणे ही सारी कामे तेथल्या बायका करीत. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. जुळविणारीला एकेक अक्षर पाहून हात चालवावा लागतो. इतक्या सावकाश शास्त्र वाचणारा वाचक कोणत्याही देवळात वा चर्चमध्ये सापडणे कठीण.

जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईने काम थांबविले नाही. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या मुद्रिते तपाशीत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी बाईंचा देहान्त झाला. संपूर्ण बायबल बाहेर पडले ते 1924 साली. तोवर खिळ्यांच्या पेट्यांपुढे बसून त्या बायका उरलेली पाने जुळवीत होत्या.