पुलाचा आवाज

माठ विकत घेताना आपल्याकडच्या बायका तो बोटाने वाजवून बघतात. आवाज बद्द आला की माठ परत जागेवर! अमेरिकेत मी पीएच.डी.साठी निवडलेला विषय खरे तर हाच. मोठ्या बांधकामाला कुठे इजा झाली आहे, हे त्याच्या कंपनांवरून ओळखायचे.

पुलांच्या तपासणीकडे या देशाचे लक्ष वेधले ते एका दुर्घटनेने. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला आणि ४६ माणसे गेली. कारण निघाले जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर! पूल तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांपैकी एकीच्या टोकाशी, सांध्याच्या आत ती लपलेली. सांधा उघडल्याशिवाय कोणाला दिसणार? १९७१ पासून देशभर पुलांच्या तपासणीचे नियम लागू झाले, तरी न दिसणाऱ्या चिरेचा प्रश्न उरलाच.

तडा गेला की ताठपणा घटतो आणि कंपने मंदावतात, हे कागदावर सोपे आहे. १९९३ मध्ये आल्बुकर्कीला रिओ ग्रांदे नदीवरचा एक महामार्ग-पूल पाडायचाच होता. संशोधकांनी त्याची सुमारे तीन मीटर उंच पोलादी तुळई चार टप्प्यांत मुद्दाम कापली. आधी पूल सेकंदाला २.४८ वेळा कंप पावत होता. पहिल्या कापानंतर आकडा आला २.५२, म्हणजे चक्क वाढला! खालची पट्टी पूर्ण कापल्यावर कुठे तो २.३० वर उतरला. एवढी मोठी जखम, आणि फरक सात टक्के. हा निष्कर्ष मी विद्यार्थी असताना वाचला आणि दोन दिवस पुस्तक मिटून ठेवले.

पुढे स्वित्झर्लंडमधल्या झेड-२४ पुलावर जवळजवळ वर्षभर मोजमाप झाले, आणि १९९८ मध्ये पाडण्यापूर्वी त्यालाही टप्प्याटप्प्याने इजा केली गेली. तिथे कडाक्याच्या थंडीत रस्त्याचे डांबर गोठून पूल अधिक ताठ झाला होता. नुसत्या हवामानाने कंपने एवढी बदलतात की खरी इजा त्यात सहज झाकली जावी. माझ्या प्रबंधाची निम्मी पाने हे तापमान वजा कसे करायचे यावरच खर्ची पडली.

मिनियापोलिसचा पूल २००७ मध्ये पडून १३ जण गेले. त्याच्या जागी २००८ मध्ये झालेल्या नव्या पुलात तीनशेहून अधिक संवेदक बसवले गेले. त्यांत तापमान मोजणारेही आहेत.