तेलाच्या गाडीवर बसण्याआधी

तेलक्षेत्रावर ट्रक चालवला की पैसा बरा मिळतो, हे नागपुरातल्या तरुण ड्रायव्हरांच्या बोलण्यात नेहमी येतं. मग पुढचा प्रश्न: सुरुवात कुठून करायची? याचं उत्तर मी इतिहासात शोधतो, कारण आधीचे लोक कोणत्या वाटेने गेले ते तिथे दिसतं.

नकाशा पाहिला की पहिली अडचण कळते. तेल आपल्यापासून लांब आहे. आसामात डिगबोईला ते १८८९ मध्ये लागलं, गुजरातेत अंकलेश्वरला १९६० मध्ये. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रातून २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं. महाराष्ट्राजवळचं मोठं क्षेत्र म्हणजे मुंबई हाय. तिथे १९७४ मध्ये तेल सापडलं, पण भर समुद्रात. ते समुद्रतळाच्या पाइपलाइनने उरणला येतं. त्या विहिरीपर्यंत ट्रक जाणार कसा? त्यामुळे आपल्याकडच्या ड्रायव्हरची तेलाशी गाठ पडते ती विहिरीवर नाही, तर डेपोच्या गेटवर. तिथे टँकर भरतो आणि पंपाकडे निघतो.

तेल नसलं तरी नागपूरकडे रस्ता होता. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते याच शहरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार केला. तो ‘नागपूर प्लॅन’ म्हणून ओळखला जातो. रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते असे वर्ग त्यात ठरले. पुढे राष्ट्रीय महामार्ग ६ आणि ७ नागपुरात एकमेकांना छेदून गेले. आज त्यांचे क्रमांक ५३ आणि ४४ आहेत. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणारा माल इथून जात राहिला आणि ट्रक हा शहराचा मोठा धंदा झाला.

या धंद्याची शाळा होती कोळसा. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरात आलं. उमरेड, सावनेर, घुग्घुस, वणी इथल्या खाणींतून साइडिंगपर्यंत किंवा वीजकेंद्रापर्यंत अंतर कमी आणि खेपा जास्त. पोरगा आधी क्लीनर म्हणून गाडीत चढायचा. टायर ठोकून हवा बघायची, रिव्हर्सला मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडायचं, उस्तादाचा गिअर बदलताना होणारा आवाज कानात साठवायचा. वर्ष-दोन वर्षांनी रिकामी गाडी हाती यायची, मग भरलेली. ना प्रमाणपत्र, ना फी. मिळायचा तो अनुभव आणि उस्तादाच्या शिव्या.

कोळशानंतर तेल, या क्रमाला कारण आहे. कोळसा हौद्यात पडून राहतो. तेल हलतं. टाकी अर्धवट भरलेली असेल आणि वळणावर वेग जास्त असेल, तर आतलं तेल एका बाजूला धावतं आणि गाडीला सोबत ओढतं. म्हणूनच टँकरच्या पोटात कप्पे आणि आडव्या पट्ट्या असतात. भरताना टँकरला अर्थिंगची तार लावतात, कारण तेल वाहताना स्थिर वीज तयार होते आणि एक ठिणगीही पुरते. या सगळ्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चं, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. १८९८ मध्ये सुरू झालेल्या या खात्याच्या नियमांनीच देशातला टँकर बांधला जातो.

कायद्यानेही पायऱ्या ठरवल्या आहेत. मालवाहू गाडीसाठी वय किमान २० आणि हलक्या गाडीचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. धोकादायक माल नेायचा असेल, तर तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. ही नोंद पूर्वी दर वर्षी नवी करावी लागे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षं चालते. पण क्लीनरने दोन वर्षांत जे शिकावं, ते तीन दिवसांत कोण शिकवणार?

चूक झाली तर किंमत कोण मोजणार, हा प्रश्न जानेवारी २०२४ मध्ये रस्त्यावर आला. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. जमावाच्या मारापासून जीव वाचवायला पळालो तरी दहा वर्षं आत का, असा त्यांचा सवाल होता. टँकर थांबले आणि दोन दिवसांत नागपुरातल्या पंपांवर रांगा लागल्या. त्या वर्षी १ जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ते कलम, १०६(२), बाजूला ठेवण्यात आलं.

तर सुरुवात कुठून? माझं मत असं की आधी घन माल, छोटा पल्ला, ओळखीचा रस्ता. टँकर त्यानंतर, आणि बाडमेर-अंकलेश्वर त्याच्याही नंतर. पण मालापेक्षा मालक जास्त पारखून घ्यावा. खेपेवर पैसे मिळतात तेव्हा झोपेवर पाणी सोडावं लागतं. म्हणूनच १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो लागू नव्हता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. त्यामुळे हा हक्क बहुतेकांसाठी कागदावरच राहिला.

म्हणून कामाला लागताना पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात: नेमणुकीचं पत्र मिळेल का, पीएफ कापला जाईल का, आणि रात्रीच्या खेपेनंतर सकाळी झोपू द्याल का. तिसऱ्या प्रश्नावर मालक हसला, तर त्याच्या टँकरचं स्टिअरिंग धरू नये.