बाजरीचा बागेंतील प्रवेश

धान्य आणि शोभेचें झाड यांच्या जाती निराळ्या, असें आपण गृहीत धरून चालतों. एकाचें स्थान शेतांत, दुसऱ्याचें बागेंत. परंतु वनस्पतींचा इतिहास ही मर्यादा पाळीत नाहीं. आणि याची उत्तम साक्ष आपली बाजरीच देते.

बाजरी हें वस्तुतः एक वर्षायु गवत होय. तिचें माहेर आफ्रिकेंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यांत आहे. मालीमधील टिलेम्सी खोऱ्यांत सुमारें ४५०० वर्षांपूर्वींच्या खापरांवर लागवडीच्या बाजरीच्या तुसांचे ठसे आढळले आहेत. पुढें कांहीं शतकांतच ती भारतांत आली व येथें इतकी रुळली कीं, भोगीच्या दिवशीं तीळ लावलेल्या तिच्या भाकरीवांचून पुणें-नगरकडील घरांत सण साजरा होत नाहीं. असें असूनही तिची गणना 'भरड' धान्यांतच झाली. गव्हाचा मान तिला मिळाला नाहीं.

तो मान तिला मिळाला तो परमुलखांत, आणि तोही धान्य म्हणून नव्हे! अमेरिकेंतील नेब्रास्का विद्यापीठांत डेव्हिड अँड्र्यूज हे बाजरीचे वाण सुधारण्याचें कार्य करीत. तत्पूर्वीं हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेंतही त्यांनीं हेंच कार्य केलें होतें. नेब्रास्कांतील या खटपटींतून गर्द जांभळ्या पानांचा एक वाण पुढें आला. 'पर्पल मॅजेस्टी' या नांवानें त्यास २००३ सालीं 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स' या संस्थेचें सुवर्णपदक मिळालें, आणि बाजरी उद्यानांत मानानें उभी राहिली.

तिची जोपासना मात्र शेतकऱ्यास नवी वाटणार नाहीं. थंडी सरून माती ऊबदार झाल्यावर बीं पेरावें. कोवळें रोप हिरवेंच असतें. भरपूर ऊन मिळूं लागलें म्हणजे त्यावर जांभळा रंग चढतो. सावलींत तें हिरवट राहतें. कुंडींत मुळें दाटूं देऊं नयेत. दाटल्यास रोप खुरटतें व अकालींच कणीस धरतें. एरवीं तें ३ ते ५ फूट वाढतें, आणि त्याचीं कणसें फुलदाणींतही शोभतात.

भेद आहे तो पांखरांविषयीं. आपल्याकडे दाणे भरूं लागले कीं माळ्यावर चढून गोफण फिरवावी लागते. तेथील बागवान मात्र पांखरें यावींत म्हणूनच कणसें राखून ठेवतो. एकाच दाण्यावर एकाचें पोट अवलंबून, तर दुसऱ्याची करमणूक.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भारताच्या सूचनेवरून तृणधान्यांचें म्हणून पाळलें. तो गौरव योग्यच होता. परंतु बाजरीच्या सौंदर्याचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. पानांच्या रंगास पदक मिळालें खरें. परंतु ज्या विविधतेंतून नवे वाण निपजतात, ती पिढ्यान् पिढ्या निवडून जपली ती आफ्रिकेंतील व भारतांतील कोरडवाहू शेतकऱ्यांनीं. त्यांच्या नांवचें पदक अद्याप कोणीं घडविलेलें नाहीं. निदान त्यांच्या पिकास 'भरड' म्हणतांना आपली जीभ अडखळावी, एवढी कृतज्ञता सुशिक्षितांकडून अपेक्षिणें फार नव्हे.