आयरिश भाषा आणि विद्यापीठाचा दरवाजा

आयरिश, वेल्श, ब्रेटन या केल्टिक भाषांचा अभ्यास आज युरोपातील अनेक विद्यापीठांत प्रतिष्ठेने चालतो. ही प्रतिष्ठा प्रथम कुणाला मिळाली, हे तपासले पाहिजे. आयर्लंडचा इतिहास पाहता ती पोथीला मिळाली, बोलणाऱ्याला नाही, असे माझे मत आहे.

१८५३ साली त्सॉइस या बव्हेरियन अध्यापकाने केल्टिक भाषांचे व्याकरण लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले. आयरिश भिक्षूंनी हजार वर्षांपूर्वी लॅटिन पोथ्यांच्या समासांत लिहिलेल्या टिपा त्याने लावल्या आणि या शास्त्राचा पाया घातला. काम थोरच आहे. पण साल लक्षात घ्या. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचे पीक कुजून आयर्लंडात दुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसे मेली, निदान तितकीच देशोधडीला लागली. सर्वाधिक झळ बसली ती पश्चिमेकडच्या भूमिहीनांना आणि लहान कुळांना. आयरिश बोलणारे मुख्यतः तेच होते. १८५१ च्या शिरगणतीत ते सुमारे १५ लाख होते, १९०१ मध्ये साडेसहा लाखही उरले नाहीत. कित्येक ठिकाणी पोरांच्या गळ्यात काठी अडकवीत. तोंडून आयरिश शब्द निघाला की तिच्यावर खाच पाडीत आणि खाचा मोजून मार देत. (याच काळात व्हिटली स्टोक्स हा आयरिश पंडित कलकत्त्यात सरकारी कायद्यांचे मसुदे करता करता जुन्या आयरिश हस्तलिखितांवरील टिपणे तेथेच छापीत होता!)

१८९९ साली माध्यमिक शिक्षणाच्या चौकशी आयोगापुढे प्रश्न आला : आयरिश शाळेत शिकवावी काय? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील प्राध्यापक रॉबर्ट ॲटकिन्सन यांनी विरोधी साक्ष दिली. हे गृहस्थ संस्कृतचे अध्यापक. जुने आयरिश ग्रंथ त्यांनी स्वतः संपादित केलेले. तरीही या वाङ्मयात कल्पनाशक्ती नाही, ते अशिष्ट आहे आणि लोककथा तर मुळातच ओंगळ असतात, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप वाचताना मला मुळीच नवल वाटले नाही.

१८९३ पासून गेलिक लीगमार्फत सामान्य माणसांचे आयरिश वर्ग चालविणारे डग्लस हाइड यांनी जर्मनी व इतर देशांतल्या केल्टिक पंडितांची पत्रे आणून उत्तर दिले. आयरिशचे परीक्षेतले स्थान टिकले. पण शेतमजुराच्या भाषेसाठी परदेशी प्राध्यापकांची साक्ष काढावी लागली, हे मला अधिक बोचते.

पुढे १९०८ साली नॅशनल युनिव्हर्सिटी स्थापन झाली. बिशपांचा विरोध असताना लोकांनी सभा-मोर्चांनी रेटा लावला, आणि १९१३ पासून प्रवेशपरीक्षेला आयरिश सक्तीची झाली. शहरी विद्यार्थी ती पुस्तकातून शिकू लागले. पश्चिम किनाऱ्यावरची, घरात आयरिशच बोलणारी पोरे त्या वर्षांतही अमेरिकेच्या बोटी धरीत होती, आणि तेथे पोट भरायला त्यांना इंग्रजीच लागणार होती.