सी ड्राइव्हची झाडलोट

विंडोज आणि आर ही दोन बटणं एकदम दाबायची, रनच्या चौकटीत ‘टेम्प’ लिहून एंटर मारायचा, सगळं सिलेक्ट करून शिफ्ट-डिलीट. मग टक्क्यांच्या दोन चिन्हांमधलं ‘टेम्प’. मग ‘प्रीफेच’. मग ‘रीसेंट’. मी १९९९ साली कोल्हापुरात मशीन दुरुस्तीच्या कामाला लागले, त्यानंतर एक्सपी आलं आणि बघता बघता हा विधी राजारामपुरीतल्या दुकानांपासून खेड्यातल्या सायबर कॅफेपर्यंत सगळीकडे रुळला. पुस्तकातून तो कुणी शिकलं नाही, एकमेकांचं बघून शिकलो. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि फायली भराभर उडताना बघून खूश व्हायचं. त्यातलं प्रीफेच पुसण्यात काही हशील नव्हतं. कुठला प्रोग्रॅम सुरू होताना कुठल्या फायली लागतात याची टिपणं तिथे असतात, एक्सपीत तीही फार तर १२८. ती गेली की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उलट सावकाश उघडतो. पण नुकसानही फारसं नव्हतं.

नुकसान व्हायचं ते पुढच्या पायरीला. टेम्प रिकामं करूनही जागा पुरली नाही की हात अपडेटने मागे ठेवलेल्या फायलींकडे वळायचा. या फायली म्हणजे परतीची वाट असते. नवं बिघडलं तर जुन्यावर येता यावं म्हणून सिस्टिम ती राखून ठेवते. ती वाट किती दिवस राखायची आणि कुणी मोडायची, यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या धंद्याने आणि खुद्द विंडोज बनवणाऱ्यांनी बऱ्याच वेळा मत बदललं आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगते. विंडोज ९८ जुन्या ९५ वर चढवलं की सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘विनअनडू डॉट डॅट’ नावाची लपलेली फाईल राहायची. ९८ काढून ९५ परत आणायचं तर तीच लागायची. डिस्क क्लीनअप आणि विंडोज अपडेट ही दोन्ही माणसांच्या हाती आली ती याच ९८ बरोबर, १९९८ साली. म्हणजे भर घालणारा आणि झाडणारा एकाच वेळी घरात आले. पण तेव्हा आपल्याकडे अपडेट करतं कोण? फोनच्या लायनीवर इंटरनेट, मिनिटामिनिटाचं बिल.

जागा का कमी पडायची, याचं निम्मं कारण आमच्याच सवयीत होतं. ४० जीबीची डिस्क आली की तिचे तीन-चार भाग पाडायचे आणि सी ला जेमतेम १० जीबी द्यायची. त्यामागे साधा हिशेब होता: व्हायरस येणार, फॉरमॅट मारावा लागणार, तेव्हा सी पुसली तरी डी वरचं काम वाचलं पाहिजे. ‘डी ला सेव्ह करा’ हे वाक्य मी पतसंस्थांत, शाळांत, डीटीपीवाल्यांकडे इतकं म्हटलंय की काही ठिकाणी लोक ते मलाच ऐकवायचे. पुढे माय डॉक्युमेंट्स हे फोल्डरच उचलून डी वर हलवून द्यायची पद्धत पडली. ही गोष्ट लक्षात असू द्या, २०१८ मध्ये ती पुन्हा येणार आहे.

११ ऑगस्ट २००३ ला ब्लास्टर वर्म सुटला आणि अपडेट ही चैन राहिली नाही. मशीन चालू केलं की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी, आणि बंद. त्यावरचं अपडेट १६ जुलैलाच निघालं होतं, नंबर केबी ८२३९८०. पण ते टाकलेलं मशीन मला आमच्या भागात क्वचितच दिसलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून दिला. अमेरिकेतली मंगळवारची सकाळ म्हणजे आपली रात्र, त्यामुळे इथे परिणाम दिसायचा तो बुधवारी, ऑफिस उघडल्यावर. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला, सुमारे २६६ एमबीचा. मॉडेमवर तो उतरवायला अख्खी रात्र पुरायची नाही, म्हणून आम्ही सीडी घेऊन दारोदार फिरलो.

आणि मग ती निळी फोल्डरं. सी मधलं विंडोज फोल्डर उघडून लपलेल्या फायली दाखवायला सांगितलं की त्यांची रांगच उभी राहायची. प्रत्येकाच्या नावाला दोन्ही टोकांना डॉलरची खूण, मध्ये ‘एनटीअनइन्स्टॉलकेबी’ आणि सहा आकडे. अक्षरं निळी, कारण आतला मजकूर कॉम्प्रेस केलेला. एखादं उघडलं तर त्या अपडेटने बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रती दिसायच्या, आणि आत आणखी एका फोल्डरात ‘एसपीअनइन्स्ट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम. अपडेट काढायचं तर तो चालवायचा, तो जुन्या प्रती जागेवर नेऊन बसवायचा. इतकी सरळ रचना पुन्हा विंडोजमध्ये झाली नाही. फोल्डर हाताने पुसलं तरी मशीन चालू राहायचं. फक्त अ‍ॅड-रिमूव्ह प्रोग्रॅम्समध्ये त्या अपडेटचं नाव तसंच दिसायचं आणि काढायला गेलं की अडायचं. वाट मोडलेली, पाटी उभी.

एका बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात एक ज्येष्ठ सर होते, त्यांनी मला शिस्त लावली. कुठलं अपडेट कुठल्या तारखेला टाकलं ते वहीत लिहायचं. “एक पगार आणि एक महिनाअखेर सुखरूप निघून गेल्याशिवाय त्याच्या फोल्डरला हात लावू नकोस,” ते म्हणायचे. कारण बिघाड दुसऱ्या दिवशी दिसेलच असं नसतं. व्याज लावायचा प्रोग्रॅम महिन्यातून एकदाच चालतो, डॉट मॅट्रिक्सवर पासबुकाचा ठराविक नमुना एकाच वेळी छापला जातो. अपडेटने तिथलं काही मोडलं असेल तर ते तेव्हाच कळणार. दुसरा नियम होता ‘एचएफ-मिग’ या डॉलरवाल्या फोल्डराचा. दिसायला तेही बाकीच्यांसारखंच, पण पुढच्या अपडेटला फायलींची कुठली आवृत्ती बसवायची ते त्याच्या आधारे ठरायचं. ते कधीच काढायचं नाही. रांगेतलं सगळं सिलेक्ट करून शिफ्ट-डिलीट मारणाऱ्यांनी तेही उडवलं, आणि मग पुढची अपडेटं का नीट बसत नाहीत म्हणून आमच्याकडे आले.

२००७ च्या व्हिस्टापासून ही साधी रांग गेली आणि ‘विनएसएक्सएस’ हे एकच अवाढव्य फोल्डर आलं. व्हिस्टाने सी भरत आली की पट्टी लाल दाखवायलाही सुरुवात केली, त्यामुळे लोक घाबरून फोन करायला लागले. विनएसएक्सएसवर प्रॉपर्टीज बघितली की ८, १० जीबी असा आकडा दिसायचा आणि तो बराचसा फसवा होता. सिस्टिमच्या फायली डिस्कवर एकदाच लिहिलेल्या असतात, नावं मात्र दोन ठिकाणी: एक सिस्टिम३२ मध्ये, एक इथे. एकाच शेताचे दोन उतारे काढून एकरांची बेरीज करावी, तसा तो आकडा. हे न कळल्याने त्यातल्या फायली हाताने काढणाऱ्यांची मशीन्स मी उचलून आणली आहेत. त्यातली फार थोडी फॉरमॅटवाचून उठली.

या फोल्डरातला खराखुरा टाकाऊ भाग फक्त सिस्टिमलाच ओळखता येतो, म्हणून काढायचं कामही तिच्याकडेच गेलं पाहिजे होतं. व्हिस्टाच्या सर्व्हिस पॅकबरोबर त्यासाठी छोटे प्रोग्रॅम आले, पण महिन्याच्या अपडेटांचा साठा विंडोज ७ वर वाढतच राहिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये एका अपडेटने डिस्क क्लीनअपमध्ये ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ ही खूण आली, तेव्हा कुठे आम्ही सुटलो. ‘क्लीन अप सिस्टिम फाईल्स’ हे बटण दाबून दुसरी यादी उघडल्याशिवाय ती दिसायची नाही. खूण केल्यावरसुद्धा काम तिथल्या तिथे संपायचं नाही. बंद होताना मशीन बराच वेळ झाडत बसायचं, आणि तेवढ्यात कुणी स्विच काढू नये म्हणून मी शेजारी थांबायचे. विंडोज ८ पासून आपोआप होणारी झाडलोट आली आणि अपडेटने मागे टाकलेला जुना भाग पुसण्याआधी तिने ३० दिवस थांबायचं ठरलं. बँकेतल्या सरांचा महिना! मला फार आनंद झाला होता.

‘विंडोज डॉट ओल्ड’ची गोष्ट वेगळी. एक्सपीवरून थेट ७ वर चढता यायचं नाही, नवंच टाकावं लागायचं. पण फॉरमॅट न करता टाकलं तर जुनं सगळं या फोल्डरात गोळा व्हायचं. एका डीटीपीवाल्या ताईंच्या लग्नपत्रिकांच्या पेजमेकर फायली डेस्कटॉपवरून ‘गेल्या’ होत्या. त्या या फोल्डरात, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जखाली, त्यांच्या जुन्या नावाच्या फोल्डरात जशाच्या तशा सापडल्या. मधल्या काळात कुणी जागेसाठी ते पुसलं असतं तर त्या लग्नसराईचं काम पुन्हा पहिल्यापासून.

याच फोल्डराच्या आधारे मागे फिरायला विंडोज १० ने सुरुवातीला एक महिना दिला. ऑगस्ट २०१६ च्या अपडेटपासून तो १० दिवसांवर आणला. हे मला आजही पटत नाही. दहा दिवसांत महिनाअखेर येईलच असं नाही, पगार येईलच असं नाही. ३२ जीबीच्या स्वस्त लॅपटॉपांना जागा नसते हे खरं. पण त्यांच्यासाठी पतसंस्थेच्या मशीनची मुदत का कापायची?

२ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या १८०९ या अपडेटने तर झाडताना माणसांची कागदपत्रंच नेली. डॉक्युमेंट्ससारखी फोल्डरं दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेल्या मशीन्सवर आधीच्या अपडेटने जुन्या जागी रिकामी जोडफोल्डरं तयार केली होती. लोकांनी तक्रार केली, म्हणून नव्या अपडेटने ती काढून टाकली. पण जुन्या फोल्डरात कुणाच्या फायली राहिल्या असतील, तर त्यांच्यासकट. चार दिवसांत अपडेट थांबवलं गेलं आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त होऊन परत आलं. मायक्रोसॉफ्टच्या मते तक्रारी एक शतांश टक्का होत्या. डी वर डॉक्युमेंट्स हलवून देणाऱ्या आमच्यासारख्यांच्या पोटात मात्र तो आकडा ऐकूनही गोळा आला. त्याच आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही आलं. आपल्याकडे सातबारे, शासन निर्णय, परीक्षांची हॉल तिकिटं, सगळं तिथेच पडून असतं, आणि यादीतल्या सगळ्या खुणा करत जाण्याची सवय जुनीच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि पतसंस्थांची मशीन्स ११ वर नेण्याचं काम अंगावर आलं. चढवून झाल्यावर मी पहिल्याच दिवशी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची खिडकी उघडते आणि ‘डिस्म’ या विंडोजमधल्याच प्रोग्रॅमला परतीची मुदत ६० दिवस करायला सांगते, याहून जास्त ते देत नाही. मग डी वर आणि बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. वहीत तारीख. मधे दोन महिनाअखेरी गेल्या, व्याज लागलं, पासबुकं छापली गेली की सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाईल्स. तिथे डाउनलोड्सची खूण असेल तर आधी ती काढायची, ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ची करायची, आणि रिमूव्ह. मार्च जवळ असेल तर मात्र ३१ तारखेचा ताळेबंद छापून होईपर्यंत मी चढवतच नाही. सी कितीही लाल असो.